पिको डिबग प्रोब, ओपनओसीडी आणि जीडीबी: ठिबक कंट्रोलरच्या दुरुस्तीला हे त्रिकूट कितपत चालतं?

जळगाव-धुळ्याकडे दुरुस्तीला येणारी ठिबक कंट्रोलरची किंवा मोबाइल स्टार्टरची पेटी उघडली की आत कुठली चिप निघेल याचा नेम नसतो. एकात एसटीएम३२, दुसऱ्यात तिचीच चिनी नक्कल, तिसऱ्यात आरपी२०४०, नव्या वायफायवाल्या पेटीत ईएसपी३२-सी३, आणि जुन्या पॅनेलात अजूनही एटीमेगा३२८पी. प्रत्येक घराण्यासाठी वेगळा प्रोग्रामर, वेगळं सॉफ्टवेअर आणि वेगळी खिडकी घेऊन बसायचं, तर रावेर-यावलच्या केळीला भर मे महिन्यात पाणी पोचेपर्यंत दुरुस्तीवाल्याचा जीव मेटाकुटीला येतो. चिप कोणतीही असो, तिची मेमरी आणि रजिस्टरं (चिपमधल्या छोट्या साठवणीच्या जागा) एकाच पद्धतीने वाचता यावीत, हा पिको डिबग प्रोब, ओपनओसीडी आणि जीडीबी या तिघांच्या जोडीचा दावा. मेमरी आणि रजिस्टरांपुरता तो बराचसा खरा ठरतो. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरावीक जागी थांबवण्याची खूण) आणि फ्लॅश (प्रोग्राम साठवणारी मेमरी) यांच्यापाशी मात्र चिपचा मूळ स्वभाव वर येतो, आणि विकत घेण्याआधी माहीत असावं असं सगळं तिथेच आहे.

कामाची वाटणी अशी. प्रोब म्हणजे यूएसबीचं रूपांतर एसडब्ल्यूडी या डिबग जोडणीच्या दोन तारांत करणारा तुकडा. ओपनओसीडी हा संगणकावर चालणारा सर्व्हर. कुठल्या चिपशी कसं बोलायचं ते त्याला ठाऊक. डॉमिनिक राथ याने २००५ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला पदविकेच्या प्रबंधासाठी सुरू केलेला हा प्रकल्प आज मुक्त स्रोत आहे. जीडीबी हा डिबगर, म्हणजे प्रोग्राम थांबवून आत पाहण्याचं साधन; तो फक्त विचारतो. २००००००० या हेक्स पत्त्यावरचे चार बाइट हवे असतील तर तो डॉलरचं चिन्ह, 'एम' अक्षर, पत्ता, स्वल्पविराम, ४, मग हॅश आणि ४एफ हा चेकसम (ओळ शाबूत पोचली का ते ताडणारी बेरीज) एवढीच ओळ पाठवतो. सगळी रजिस्टरं हवी असतील तर नुसतं 'जी', चेकसम ६७. समोर कॉर्टेक्स (एसटीएम३२, आरपी२०४०) आहे की रिस्क-व्ही (ईएसपी३२-सी३), हे त्या ओळीत कुठेच नसतं. रजिस्टरं किती, त्यांची नावं काय, रुंदी किती, हे सर्व्हर सुरुवातीलाच एका एक्सएमएल वर्णनातून कळवतो. उत्तरातले बाइट चिपच्याच क्रमाने येतात. लिटल-एंडियन, म्हणजे खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या, चिपच्या रजिस्टरात १२३४५६७८ असेल तर तारेवर ७८५६३४१२ दिसतं, आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो.

पडद्यामागे दोन घराण्यांची रीत अगदी वेगळी आहे. कॉर्टेक्स-एममध्ये ई०००ईडीएफ० या पत्त्यावर ए०५एफ०००३ लिहिलं की गाभा (प्रोग्राम चालवणारा भाग) थांबतो. मग ई०००ईडीएफ४ वर रजिस्टरचा क्रमांक टाकायचा आणि ई०००ईडीएफ८ वरून किंमत उचलायची. रिस्क-व्हीमध्ये डिबग मॉड्यूलला 'अमुक क्रमांकाचं रजिस्टर दे' अशी आज्ञा जाते आणि तिथे साध्या रजिस्टरांचे क्रमांक हेक्स १००० पासून सुरू होतात. हे सगळं ओपनओसीडी पोटात घेतं. एसटीएम३२वर हात बसला की ईएसपी३२-सी३ समोर आली तरी जीडीबीतल्या आज्ञा त्याच राहतात, हा या जोडीचा सर्वांत मोठा गुण.

प्रोब घेताना दोन वाटा आहेत. रास्पबेरी पायचा तयार डिबग प्रोब २०२३ मध्ये १२ डॉलर किमतीला आला. किंवा साधा पिको बोर्ड घ्यायचा, बूटसेल बटण दाबून यूएसबीला लावायचा आणि दिसणाऱ्या ड्राइव्हवर पिकोसाठीची डिबगप्रोब फर्मवेअर फाइल टाकायची. मग जीपी२ ला एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक), जीपी३ ला एसडब्ल्यूडीआयओ (डेटा) आणि एक ग्राउंड, झालं काम. जीपी४ आणि जीपी५ वर सिरियल पोर्टही फुकटात मिळतो. टेबलावर पिको पुरतो. बांधावर जायचं असेल तर तयार प्रोब बरा, कारण त्याला डबी आणि नीट कनेक्टर आहेत. दोन्ही ३.३ व्होल्टचे, दोन्ही समोरच्या बोर्डाला वीज देत नाहीत.

उबंटूवर ओपनओसीडी आणि जीडीबी-मल्टिआर्क ही दोन पॅकेजं टाकली की सॉफ्टवेअरचं काम संपतं. ओपनओसीडी ०.१२ किंवा त्यापुढचं घ्या, आरपी२०४० ची फाइल त्यापासून आहे. सुरू करताना आधी इंटरफेस फोल्डरमधली सीएमएसआयएस-डॅपची, म्हणजे प्रोबच्या भाषेची, फाइल द्यायची, नंतर टार्गेट फोल्डरमधली चिपची. हा क्रम उलटा चालत नाही. एसटीएम३२एफ१०३ व्यवस्थित सापडली तर पडद्यावर १बीए०१४७७ हा ओळख क्रमांक, सहा ब्रेकपॉइंट आणि चार वॉचपॉइंट (मेमरीतल्या ठरावीक जागेला हात लागला की थांबवणारे), आणि पोर्ट ३३३३ वर जीडीबीची वाट पाहत असल्याची ओळ येते. २बीए०१४७७ आला आणि 'अनपेक्षित ओळख क्रमांक' अशी तक्रार दिसली तर चिप बहुधा नक्कल आहे. चिपची फाइल देण्याआधी 'सीपीयूटॅपआयडी' या सेटिंगला तो क्रमांक दिला की गाडी पुढे जाते.

'डीपीचा आयडीआर वाचता येत नाही', म्हणजे चिपचा ओळख क्रमांकच मिळत नाही, असं आलं तर घाईने प्रोबला शिव्या घालू नका. आधी ग्राउंड तपासा, मग तारांची लांबी. वीतभराच्या पुढे जंपर गेले की खात्री संपली. वेग १००० किलोहर्ट्झवरून १०० वर आणून पाहा. तरीही जमलं नाही तर मूळ प्रोग्रामनेच पीए१३ आणि पीए१४ या डिबगच्या पिना दुसऱ्या कामाला लावलेल्या असतात किंवा चिप गाढ झोपेत असते. यावर उपाय रीसेट धरून जोडण्याचा. पण तयार डिबग प्रोबच्या तीन तारांत रीसेटची तारच नाही, ही त्याची ठळक उणीव. हाताने एनआरएसटी ही रीसेटची पिन ग्राउंडला टेकवून ओपनओसीडी सुरू करायचं आणि तार सोडायची. जमतं, पण दोन माणसांचं काम आहे. एसटीएम३२ असेल तर बूट० पिन वर ओढून चालू करणं जास्त सोपं, कारण मग मूळ प्रोग्राम चालतच नाही.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. स्वस्त स्टार्टर आणि टायमरच्या बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटर आणि झेनरवर पुरवठा काढलेला असतो. अशा बोर्डाचं 'ग्राउंड' थेट मेन्सला जोडलेलं असतं. त्याला प्रोबचं ग्राउंड लावलं की प्रोब, लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट आणि नशीब वाईट असेल तर माणूस, तिन्ही जातात. मेन्स पूर्ण काढा, मोठा कपॅसिटर रिकामा करा आणि लो-व्होल्टेज बाजूला बाहेरून ५ किंवा ३.३ व्होल्ट द्या. आयसोलेटेड पुरवठ्याच्या बोर्डावरही कॉन्टॅक्टर ओढला-सोडला की यूएसबी तुटते. तिथे एडीयूएम४१६० चिपवालं यूएसबी आयसोलेटर मध्ये घातलेलं चांगलं. ते फुल-स्पीडलाच चालतं आणि या प्रोबला तेवढं पुरतं.

दुसरा धोका सहसा कुणी सांगत नाही. जीडीबी जोडला की ओपनओसीडी गाभा थांबवतं, तसा त्याचा ठरलेला नियमच आहे. शिवाय एसटीएम३२एफ१ ची फाइल ई००४२००४ या पत्त्यावर ३०७ लिहून ठेवते. त्यामुळे झोपेतही डिबग चालू राहतं, पण गाभा थांबला की वॉचडॉगही (लटकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणारा टायमर) थांबतो. त्या क्षणी रिले ओढलेला असेल तर तो ओढलेलाच राहतो आणि मोटर बंद करायला कोणी उरत नाही. विहीर कोरडी पडली तरी पंप फिरत राहील. जीडीबी जोडण्याआधी रिलेचं आउटपुट सोडवून त्या जागी एक दिवा लावा. नुसती मेमरी पाहायची असेल तर जीडीबी नकोच. टेलनेटने पोर्ट ४४४४ वर जाऊन 'एमडीडब्ल्यू' ही मेमरी दाखवणारी आज्ञा वापरा. कॉर्टेक्स-एमवर गाभा चालू असतानाही मेमरी वाचता येते, कारण तो रस्ता गाभ्यातून जात नाही. रजिस्टरांसाठी मात्र थांबवावंच लागतं. रिस्क-व्हीमध्ये चालू गाभ्यावर मेमरी मिळेल की नाही, हे त्या चिपमध्ये सिस्टिम बसचा वेगळा रस्ता दिला आहे का यावर ठरतं. चिप कुठलीही असो, वागणूक सारखी, हा दावा पहिल्यांदा गळतो तो इथे.

पुढची गळती ब्रेकपॉइंटची. एसटीएम३२एफ१०३ ला सहा, आरपी२०४० च्या प्रत्येक गाभ्याला चार, ईएसपी३२-सी३ ला आठ. फ्लॅशमधल्या कोडसाठी हेच हार्डवेअर ब्रेकपॉइंट खर्च होतात, आणि 'नेक्स्ट' किंवा 'फिनिश' दिलं तरी जीडीबी गुपचूप एक तात्पुरता वापरतो. चारही भरून ठेवले की आरपी२०४० वर 'नेक्स्ट' अडतं आणि दोष प्रोबला लागतो. एक हात राखून ठेवावा.

मेमरी वाचताना 'या पत्त्यावर पोचता येत नाही' असं जीडीबी म्हणाला आणि पत्ता ४००००००० च्या पुढचा, म्हणजे पेरिफेरलचा (सिरियल पोर्टसारख्या चिपमधल्या जोडभागांचा) असेल, तर चिपमध्ये बिघाड असेलच असं नाही. सर्व्हरने दिलेल्या नकाशात तो भाग नसेल तर जीडीबी विचारतच नाही. तसं असेल तर 'सेट मेम इनॅक्सेसिबल-बाय-डिफॉल्ट ऑफ' दिलं की वाट मोकळी. पण वाचणं नेहमी निरुपद्रवी नसतं. ४००१३८०४, म्हणजे यूएसएआरटी१ या सिरियल पोर्टचं डेटा रजिस्टर, डिबगरने वाचलं तरी 'डेटा आला' हा झेंडा उतरतो. जीएसएम मॉड्यूलचं उत्तर प्रोग्रामला मिळत नाही म्हणून शोध घ्यायला बसावं आणि आपल्याच मेमरी खिडकीने ते खाऊन टाकावं, असा प्रकार.

ही जोडी पैसे वसूल करते ती लटकलेल्या कंट्रोलरवर. मोटर सुरू होताच पडदा गोठतो, अशी तक्रार असेल तर बोर्ड रीसेट न करता जोडा आणि थांबवा. गाभा हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चुकीनंतरच्या अवस्थेत, अडकलेला असेल तर एलआर हे परतीची माहिती ठेवणारं रजिस्टर पाहा. एफएफएफएफएफएफएफ९ असेल तर मुख्य स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची मेमरी), शेवटी डी असेल तर प्रोसेस स्टॅक. हँडलर, म्हणजे चूक घडल्यावर चालणारा कोड, साधं रिकामं चक्र असेल तर त्याच स्टॅकच्या टोकावर आठ शब्द ओळीने पडलेले असतात: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी, एक्सपीएसआर. सातवा शब्द, म्हणजे टोकापासून २४ बाइटवरचा, हा चूक घडली तेव्हाचा पीसी, म्हणजे चालू आज्ञेचा पत्ता. सोबत ई०००ईडी२८ वरचं कारणांचं रजिस्टर वाचून घ्या. पीसी प्रत्येक वेळी वेगळ्याच, असंबद्ध जागी दाखवत असेल तर कोडपेक्षा पुरवठ्यावर संशय घ्या. रिलेच्या कॉइलवरचा डायोड आणि रेग्युलेटरजवळचा सुकलेला कपॅसिटर आधी तपासा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या पेटीत इलेक्ट्रोलिटिक फार काळ टिकत नाही. हे आठ शब्द कॉर्टेक्स-एमचे. रिस्क-व्हीवर हार्डवेअर स्टॅकवर काहीच ठेवत नाही, तिथे एमईपीसी (चुकीचा पत्ता) आणि एमकॉज (चुकीचं कारण) ही रजिस्टरं विचारायची.

वाचन-बंदी लावलेल्या चिपपुढे कुठलाही प्रोब हतबल आहे. एसटीएम३२एफ१ वर 'अनलॉक' देता येतं, पण त्यात आतला प्रोग्राम पुसला जातो. फर्मवेअरची प्रत हाताशी नसताना ती आज्ञा दिली की ग्राहकाची पेटी तेवढी उरते.

या प्रोबच्या फर्मवेअरला एसडब्ल्यूडीच येतं, जेटॅग (जास्त तारांची डिबग जोडणी) नाही. मूळ ईएसपी३२ ला जेटॅग लागतो, पिना १२ ते १५. त्यासाठी एफटी२२३२एच चा बोर्ड घ्या आणि जीडीबीही एक्सटेन्साच्या (त्या चिपच्या गाभ्याच्या) टूलचेनमधलाच वापरा, मल्टिआर्कच्या भरवशावर राहू नका. ईएसपी३२-सी३ ला प्रोबच नको, यूएसबी-जेटॅग तिच्या पोटातच आहे. बोर्डावर १८ आणि १९ या पिना बाहेर काढल्या असल्या म्हणजे झालं. ओपनओसीडी मात्र एस्प्रेसिफने दिलेलं घ्या.

एटीमेगाची पेटी आली तर हे त्रिकूट बाजूला ठेवा. तिचं डिबगवायर (रीसेटच्या एकाच तारेवरची डिबग पद्धत) ओपनओसीडीला येत नाही. शिवाय त्यात ब्रेकपॉइंट फ्लॅशमध्ये लिहून बसवला जातो, म्हणजे दर वेळी फ्लॅशच्या १०,००० लिखाणांच्या हमीतून थोडी झीज. नॅनो बोर्डावर रीसेटचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर काढल्याशिवाय तारेवर संदेशच पोचत नाही. एव्हीआरचा, म्हणजे एटीमेगाच्या घराण्याचा, जीडीबीही पत्त्यांत वेगळा: प्रोग्राम आणि डेटा दोन्ही शून्यापासून सुरू होत असल्याने तो डेटाला हेक्स ८००००० जोडून ओळखतो. एटी८९एस५२ च्या पॅनेलात तर आत डोकावायची सोयच नाही. तिथे मल्टिमीटर आणि स्कोप.

बाजारात मिळणारी एसटी-लिंकची नक्कल आधीच घरात असेल तर एसटीएम३२ साठी ती टाकून देऊ नका. फक्त डबीवर छापलेला पिनांचा क्रम आतल्या बोर्डाशी ताडून पाहा, प्रत्येक लॉटमध्ये तो वेगळा निघू शकतो. नवीन घ्यायचं असेल तर दोन पिको घ्या: एकावर प्रोबचं फर्मवेअर, दुसरा सरावाला आरपी२०४० म्हणून. दुसऱ्याच्या तीन पिनांच्या डिबग कडेला हेडर आधीच सोल्डर करून ठेवा.