गणेशवेल पास, मॉर्निंग ग्लोरी नापास

एका ऑनलाइन दुकानातून बियांची दोन पाकिटं मागवलेली, गणेशवेल आणि निळी मॉर्निंग ग्लोरी. गणेशवेलीला पैकीच्या पैकी मार्क! बिया टणक असतात म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या, सकाळी फुगलेल्या तेवढ्या थेट मोठ्या कुंडीत अर्धा इंच खोल टोचल्या (रोप उपटून दुसरीकडे लावलेलं या वेलींना मानवत नाही), आठवड्याच्या आत कोंब वर. पहिली दोन पानं मधोमध चिरलेली, नंतरची बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक, आणि सुतळी बांधून दिली की वेल सरळ ग्रिलवर. लालभडक चांदणीसारखी फुलं सकाळीच बघून घ्या, दुपारी मिटतात.

दुसऱ्या पाकिटाचं मात्र काय सांगू, फोटोत आकाशी निळं फूल आणि उगवलं जांभळट गुलाबी! वेल जोमदार आहे, फुलंही भरपूर, पण पैसे निळ्याचे घेतले ना? मेसेज टाकला तर नुसती ब्लू टिक. पाकिटावर पॅकिंगची तारीखही नाही.

घेणार असाल तर गणेशवेलच घ्या. शेणखत बेताने, नाहीतर नुसता पाला माजतो. आणि दोन्हींच्या बिया विषारी, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.