पीएचपी ८.१ मधली तीन टिंबं: काही महिने वापरल्यावर

फंक्शनचं नाव स्ट्रिंगमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, साठवायचं आणि वेळ आली की कॉल_यूजर_फंक या नावावरून फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनच्या हाती सोपवायचं, ही पद्धत पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या जुन्या कोडमध्ये पानोपानी सापडते. आमच्याकडेही होती. पीएचपी ७ मध्ये नाव चुकलं तर नुसती वॉर्निंग यायची आणि काम पुढे सरकायचं. २०२० च्या ८.० पासून तिथे थेट टाइपएरर येतो, काम पुढे सरकत नाही. अनेकांना हे जाचक वाटतं, मला अतिशय योग्य वाटतं. पूर्वी ॲट चिन्ह लावून झाकलेल्या वॉर्निंगचं खरं दुखणं त्यामुळेच वर आलं.

८.१ मध्ये फंक्शनच्या नावापुढे कंसात तीन टिंबं लिहिली की फंक्शन चालत नाही, त्याचं क्लोजर, म्हणजे व्हेरिएबलमध्ये ठेवून नंतर चालवता येणारं ऑब्जेक्ट, हातात मिळतं. सगळ्यात मोठा फायदा चूक शोधताना होतो. स्ट्रिंग असेल तर तक्रार कॉल होतो त्या ओळीवर उमटते. वर्डप्रेस या पीएचपीतल्या वेबसाइट-प्रणालीवर काम करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे: तक्रार हुकच्या (प्लगइनने आपलं फंक्शन अडकवायच्या जागेच्या) कोअर फाइलकडे बोट दाखवते आणि चुकलेलं नाव असतं भलत्याच प्लगइनमध्ये. टिंबांच्या पद्धतीत नाव लिहिलेली ओळ चालली की तिथेच एरर येतो. एडिटरलाही ते नाव फंक्शन म्हणून कळतं, त्यामुळे नाव बदललं की सगळीकडे बदलतं.

नेमस्पेसचा, म्हणजे कोडमधल्या नावांच्या गटांचा, घोळही असाच मिटला. स्ट्रिंगमधलं नाव चालू नेमस्पेसमध्ये शोधलं जात नाही, पूर्ण नाव द्यावं लागतं. फंक्शन समोर दिसतंय आणि पीएचपी म्हणतंय सापडत नाही, हा प्रकार बहुतेक वेळा याचाच असतो. क्लासची प्रायव्हेट (फक्त आतूनच वापरता येणारी) मेथड बाहेर कॉलबॅक म्हणून, म्हणजे नंतर चालवायला, देणंही आता सरळ झालं, कारण क्लोजर आपला स्कोप, म्हणजे आतलं वापरायचा हक्क, सोबत नेतं.

रेफरन्स घेणाऱ्या, म्हणजे मूळ व्हेरिएबलच बदलणाऱ्या, फंक्शनला कॉल_यूजर_फंकमधून व्हेरिएबल दिलं की ‘रेफरन्स हवा, व्हॅल्यू मिळाली’ अशी वॉर्निंग येते आणि मूळ व्हेरिएबल बदलत नाही. क्लोजर व्हेरिएबलमध्ये घेऊन थेट कॉल केला की दोन्ही सुटतं. कॉल_यूजर_फंक_ॲरेला (आर्ग्युमेंट ॲरेतून घेणाऱ्या भावंडाला) स्ट्रिंग ‘की’ (key) असलेला ॲरे देत असाल तर मात्र ८.० पासून त्या ‘की’ पॅरामीटरची नावं मानल्या जातात. नावं जुळत नसतील तर एरर. क्रमानेच द्यायचं असेल तर आधी नावं टाकून फक्त व्हॅल्यू ठेवणाऱ्या ॲरे_व्हॅल्यूजमधून काढा.

सगळीकडे टिंबं लावू नका. क्लोजर सिरियलाइझ होत नाही, म्हणजे साठवता येईल अशा मजकुरात बदलत नाही, म्हणून क्यू (नंतर करायच्या कामांची रांग) किंवा कॅशमध्ये जाणाऱ्या कामाला नावच ठेवावं लागतं. वर्डप्रेसमध्ये जो हुक नंतर काढायचा आहे तिथेही स्ट्रिंगच बरी: दर वेळी टिंबं लिहिली की नवं ऑब्जेक्ट तयार होतं आणि रिमूव्ह_ॲक्शनला जुनं सापडत नाही. नाव युआरएल किंवा फॉर्ममधून येत असेल तर नुसत्या इज_कॉलेबलवर (ते नाव चालवता येतं का एवढंच तपासणाऱ्या फंक्शनवर) विसंबणं धोक्याचं आहे, कारण सर्व्हरवर कमांड चालवणारं सिस्टीम हे फंक्शनही कॉलेबलच आहे. तिथे परवानगी असलेल्या नावांची यादी करून प्रत्येकापुढे टिंबांचं क्लोजर ठेवा.

८.२ वर जाणार असाल तर कॉलबॅकमध्ये ‘सेल्फ’ किंवा ‘पेरेंट’ स्ट्रिंग म्हणून लिहिलेल्या जागा आधी शोधा. त्या डेप्रिकेटेड झाल्या आहेत, म्हणजे पुढे बंद होणार म्हणून वापरू नयेत, आणि बहुतेक ठिकाणी टिंबं लावली की भागतं.