विर्टशाफ्ट्सवोखे की मॅनेजर मागाझिन?

जर्मन बी२ (मध्यमच्या वरची पातळी) झालंय, बिझनेसचं वाचायचंय, पण विर्टशाफ्ट्सवोखे आणि मॅनेजर मागाझिन या दोन जर्मन बिझनेस नियतकालिकांपैकी कुठलं लावू असं विचारलंत म्हणून लिहितोय.

इतिहासात विर्टशाफ्ट्सवोखे सरळ पुढे. १९२६ ला बर्लिनमध्ये गुस्टाव्ह श्टोल्परने 'डेअर डॉयचे फोल्क्सविर्ट' काढलं, त्यात खुद्द शुम्पेटर (नामांकित अर्थशास्त्रज्ञ) लिहायचा, म्हणजे बघा लेव्हल काय होती ते! १९३३ ला नाझी आल्यावर श्टोल्परला अमेरिका गाठावी लागली, युद्धानंतर ते 'डेअर फोल्क्सविर्ट' म्हणून आलं आणि आत्ताचं नाव १९७० चं. मॅनेजर मागाझिन १९७१ चं, हॅम्बुर्गचं, 'श्पीगल' या बातम्यांच्या साप्ताहिकाच्या घरातलं.

वेळेचं म्हणाल तर विर्टशाफ्ट्सवोखे दर आठवड्याला येतं, एक अंक संपेपर्यंत दुसरा दारात, आणि वर्षाचे पैसेही साहजिकच जास्त. मागाझिन मासिक आहे, डिक्शनरी घेऊन निवांत वाचता येतं.

मजकुरात मागाझिन म्हणजे कंपन्यांच्या आतली भांडणं, कोणाची खुर्ची हलतेय, शिवाय दरवर्षी श्रीमंत जर्मनांची यादी (मी आधी तीच उघडतो). शेअर बाजार, सरकारी धोरण हे विर्टशाफ्ट्सवोखेत जास्त.

जर्मनीत इकॉनॉमिक्स करायला किंवा नोकरीला जाणार असाल तर विर्टशाफ्ट्सवोखे, भाषा टिकवायची नि कॉर्पोरेट गॉसिप हवं तर मागाझिन बास.