बेंझिनपासून थेट अ‍ॅनिलिन: अमोनियाचा मार्ग की हायड्रॉक्सिलअमाइनचा?

बेंझिनचे नायट्रेशन (वलयावर नायट्रो गट बसवणे) आणि मग नायट्रोबेंझिनचे हायड्रोजनीकरण, या अ‍ॅनिलिन (वलयावर अमिनो गट, म्हणजे NH₂, असलेले बेंझिन) बनवण्याच्या प्रचलित मार्गात दुसऱ्या पायरीवर प्रतिमोल सुमारे 540 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि पहिल्या पायरीत पातळ झालेले सल्फ्युरिक आम्ल पुन्हा तीव्र करावे लागते. हे टाळून वलयावर थेट अमिनो गट बसवणारा घन उत्प्रेरक निवडायचा, तर नायट्रोजन कशातून घ्यायचा हे आधी ठरवावे. धातूची निवड बरीचशी त्यातूनच ठरते.

अमोनिया स्वस्त आहे, पण बेंझिनशी त्याची अभिक्रिया प्रतिमोल सुमारे 50 किलोज्यूल उष्णता शोषते आणि तिचा समतोल अ‍ॅनिलिनच्या विरुद्ध बाजूला झुकलेला असतो. उत्प्रेरक समतोल बदलू शकत नाही. शिवाय वायुरूपात दोन्ही बाजूंना मोलसंख्या सारखीच असल्याने दाब वाढवूनही फारसे काही साधत नाही. तेव्हा तयार होणारा हायड्रोजन काढून घेणे एवढाच उपाय उरतो. 1970च्या दशकात ड्यूपाँटने झिर्कोनियावरील (झिर्कोनियम ऑक्साइडवरील) निकेल व निकेल ऑक्साइड वापरून 350 अंश सेल्सियस आणि 300 वातावरणांहून अधिक दाबाला सुमारे 13 टक्के रूपांतरण (बदललेल्या बेंझिनचे प्रमाण) व 97 टक्के निवडकता (त्यापैकी अ‍ॅनिलिन झालेला वाटा) मिळवली. ऑक्साइडमधला ऑक्सिजन हायड्रोजनचे पाणी करतो, ही त्यातली मेख. मात्र हिशेब मांडला तर 93 किलो अ‍ॅनिलिनमागे सुमारे 75 किलो निकेल ऑक्साइडचे क्षपण (ऑक्सिजन निघून जाणे) होते, म्हणजे या पदार्थाला उत्प्रेरक म्हणणे हे सौजन्यच आहे. त्यातून सुटे झालेले निकेल अमोनियाचे विघटन करून आणखी हायड्रोजन निर्माण करते, ते वेगळेच. 2002 साली पोटॅशियमयुक्त टिटानियावर (टायटॅनियम ऑक्साइडवर) ऱ्होडियम, निकेल व मँगनीज बसवून 300 अंश आणि 300 बारला सुमारे 10 टक्के रूपांतरण मिळाले. ऱ्होडियमचा भाव पाहता ही सुधारणा महागडीच म्हणावी लागेल. कमी रूपांतरणाचे भय मात्र बाळगू नये, कारण बेंझिन 80 अंशांना व अ‍ॅनिलिन 184 अंशांना उकळत असल्याने ती दोन्ही सहज वेगळी होतात. खर्च होतो तो उरलेला अमोनिया पुन्हा दाबाखाली आणण्यात आणि ऑक्साइडच्या पुनर्ऑक्सिडीकरणात.

हायड्रॉक्सिलअमाइन (NH₂OH) वापरल्यास उपपदार्थ पाणी असते आणि समतोलाची अडचण राहत नाही. व्हॅनेडियमयुक्त उत्प्रेरक अ‍ॅसेटिक आम्ल व पाण्याच्या मिश्रणात 100 अंशांखाली, साध्या दाबाला काम करतात. परंतु आम्लात व्हॅनेडियम विरघळून बाहेर येऊ शकते; म्हणून मिश्रण गरम असतानाच गाळावे आणि गाळलेल्या द्रावणात अभिक्रिया पुढे चालू राहते का ते पाहावे. चालू राहिली, तर उत्प्रेरण द्रावणात होत आहे आणि घन आधाराचे श्रेय फुकटचे आहे. बेंझिनऐवजी टोल्युइन (मिथाइल गट असलेले बेंझिन) घेतल्यास अमिनो गट वलयावर वेगवेगळ्या जागी बसून तिन्ही टोल्युइडिनांचे मिश्रण हाती येते. शिवाय तीव्र हायड्रॉक्सिलअमाइनच्या स्फोटांनी 1999 साली पेनसिल्व्हेनियात व 2000 साली जपानच्या गुन्मा प्रांतात बळी घेतले आहेत. म्हणून ते सल्फेट वा क्लोराइड क्षाराच्या रूपात वापरतात, आणि मग त्या आम्लाची विल्हेवाट गळ्यात पडते.

दाबपात्र नसलेल्या प्रयोगशाळेने क्षार घेऊन व्हॅनेडियमवर काम करावे. मोठ्या उत्पादनाचा दूरचा विचार असेल, तर निकेल ऑक्साइड किंवा हायड्रोजन गाळून घेणारा पॅलेडियमचा पडदा यांवर वेळ घालवणे योग्य, पण पहिल्या फेरीच्या निवडकतेपेक्षा अनेक पुनर्ऑक्सिडीकरणांनंतरचे रूपांतरण तपासावे. वर्षभरात माल बाजारात आणायचा असलेल्या कारखान्याने मात्र नायट्रेशनचाच मार्ग धरावा.