इतिहास घरी वाचावा की विद्यापीठात शिकावा?

घरी वाचणाऱ्याला वाट मोकळी असते. आज पानिपत, उद्या वसईचा वेढा. परीक्षा नाही, हजेरी नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी डेक्कन कॉलेजातून बी. ए. केलं खरं, पण त्यांचं मोठं काम विद्यापीठाबाहेरच झालं. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेही अशाच ध्यासातून. ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

तरीही बारावीनंतर कुणी विचारलं, तर मी विद्यापीठच सांगेन. शिवजन्माची तारीखच घ्या. बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे १६२७, हे साल बराच काळ रूढ होतं. पुढे टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची टिपणं, प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली. घरी वाचताना आपण बहुधा निकाल वाचून पुढे जातो. वर्गात मात्र अडवलं जातं: शकावलीवर बखरीपेक्षा जास्त भरवसा का? कागद कुणी लिहिला, कधी, कुणासाठी? सभासदाची बखर १६९७ची, महाराजांच्या निधनानंतर १७ वर्षांनी लिहिलेली. मग तिच्यातलं काय घ्यायचं, काय पारखायचं? चुकीचं उत्तर दिलं तर समोरचा खोडतो, आणि ते खोडणं एकट्याच्या वाचनात मिळत नाही.

जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत, ती मोडी मात्र दोन्हीकडे स्वतःच घोटावी लागते. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. ते वाचणारे डोळे हवेत.