उन्हाळ्याच्या तोंडावर परसबाग: बी पेरायचं की रोप लावायचं?

वाफा खणून झाला, शेणखत मिसळून झालं. आता बियांचं पाकीट फोडायचं की रोपवाटिकेतून तयार रोपं आणायची, इथे बहुतेकांचं घोडं अडतं. बोलणं होतं ते खर्चाचं आणि कष्टाचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी मात्र आधी दिवस मोजते. कडक ऊन पडायला किती दिवस उरलेत आणि हे झाड किती दिवसांनी फुलावर येणार, एवढं मांडलं की अर्धा निकाल तिथेच लागतो.

टोमॅटो घ्या, सगळ्यात जास्त फसगत त्याच्यातच होते. बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि लावणीनंतर पहिलं फळ पिकायला साधारण ६० ते ८० दिवस. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही हवा निवेनाशी झाली, की परागकण निकामी होतात आणि फुलं फळ न धरताच गळतात. म्हणजे आज बी पेरलंत तर झाड फुलणार ऐन कडाक्यात. झाड हिरवंगार, फुलांनी भरलेलं, आणि फळ एकही नाही. खत कमी पडलं असेल म्हणून आपण आणखी खत घालतो, मग नत्र वाढून झाड नुसतंच पाल्यावर जातं. रोप लावलं तर ते ४-६ आठवडे वाचतात आणि पहिले दोन-तीन घोस ऊन तापायच्या आत धरून जातात. रोप थोडं लांबुडकं असलं तरी बिघडत नाही. खालची पानं खुडा आणि खोड खोल पुरा, पुरलेल्या भागाला मुळं फुटतात. मिरची-वांग्यावर मात्र मी हा प्रयोग करत नाही.

मिरचीलाही रोपच. तिचं बी उगवायलाच ८ ते १५ दिवस घेतं आणि पुढेही ती रमतगमत वाढते. वांगं उन्हाला जास्त खमकं आहे, त्यामुळे ते बियापासूनही निभावतं. थांबायची तयारी हवी, इतकंच.

भेंडी, गवार, चवळी यांचा हिशेब याच्या अगदी उलट. यांना ऊन सोसतं नव्हे, मानवतं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पेरलं तर ऊबदार मातीत ५-७ दिवसांत वर येतं आणि ४५ ते ५० दिवसांत तोडा सुरू होतो. तिचं सोटमूळ सरळ खाली घुसतं. ट्रेमध्ये ते तळाला टेकून मुडपतं आणि उपटून लावलेलं रोप आठवडाभर मान टाकून बसतं. तेवढ्यात शेजारी पेरलेली भेंडी त्याला गाठते. भेंडीची रोपं विकायला ठेवलेली दिसली की मला विकणाऱ्याचं कौतुकच वाटतं.

काकडी, दोडका, कारलं, भोपळा या वेली मधल्या. जागेवर पेरणं उत्तम, पण वाफा अजून रिकामा झाला नसेल तर कागदी पेल्यात एकेक बी लावा आणि दोन खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतरची) येताच मातीच्या गोळ्यासकट, मुळांना धक्का न लावता जागेवर न्या. तणावे फुटलेली, पिशवीत गुरफटलेली वेल विकत आणू नका. ती दिसते मोठी, पण रुजायला कुरकुर करते. (आणि पहिली फुलं नुसतीच गळाली तर घाबरू नका. बहुतेकदा ती नर फुलं असतात, मादी फुलं मागून येतात.)

पालेभाज्यांत रोपाचा विषयच नको. माठ आणि राजगिरा फेकून पेरा, २५ ते ३० दिवसांत कापणीला येतात. पालक आणि कोथिंबीर आता लावलीत तर पानांआधी तुरे दिसतील. अपवाद लेट्यूसचा. माती ३० अंशांच्या वर तापली की त्याचं बी उगवायचं नाव घेत नाही, म्हणून ते सावलीत वाढवलेल्या रोपांपासूनच.

आता बियांची कटकट. उन्हाळ्यात मातीवर खपली धरते आणि कोवळा कोंब तिच्याखालीच गुदमरतो. पेरल्यावर वरून पातळ गवत किंवा ओलं गोणपाट टाका, झारीने हलकं पाणी द्या आणि कोंब दिसले त्याच दिवशी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पिवळे, लांबट होतात. खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट पुरे. जुनं पाकीट असेल तर आधी १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच-सहाच उगवल्या तर दाट पेरा, दोन-तीनच उगवल्या तर पाकीट टाकून द्या. टोमॅटोचं बी नीट ठेवलं तर ४ वर्षं टिकतं, कांद्याचं एका वर्षातच थकतं.

रोपाची जोखीम वेगळी, ते आपल्याबरोबर पाहुणे घेऊन येतं. एकदा मी मिरचीची सहा तजेलदार रोपं आणली, पानं उलटून पाहायचा कंटाळा केला. पंधरा दिवसांत सगळी चुरडामुरड्याने, म्हणजे पानं मुडपणाऱ्या रोगाने, आखडली आणि शेजारच्या टोमॅटोवर पांढरी माशी बसली ती बसलीच. तेव्हापासून पानाची मागची बाजू पाहिल्याशिवाय रोपाला हात लावत नाही. ठेंगणं, जाड खोडाचं, ४-५ पानांचं रोप घ्या. फुलं आलेलं रोप मोहात पाडतं, पण पिशवीत तंगलेलं झाडच घाईने फुलतं. सावलीत वाढलेलं रोप आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन दाखवून कणखर करा, मग संध्याकाळी लावा आणि चार दिवस वर सावली धरा.

फळझाडांत प्रश्न बी की कलम असा होतो. लिंबू बियापासून धरायला पाच-सात वर्षंही घेतं, कलम दोन-तीन वर्षांत फळतं. पेरूच्या बियातून आईसारखं फळ येईलच असं नाही. तेव्हा कलमच, पण जमिनीत लावायची घाई नको. रोज पाणी घालणं जमणार नसेल तर कलम मोठ्या कुंडीत, अर्ध्या सावलीत ऊन ओसरेपर्यंत राहू द्या. पपई मात्र बियाचीच. झाड नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावतात आणि फुलं दिसल्यावर नको ती काढतात. कलिंगड, खरबूज वेलींच्याच रांगेतले. बी जागेवर, आणि तेही आत्ताच, कारण त्यांना ७५ ते ९० दिवस लागतात.

जागा दोनच कुंड्यांची असेल तर एकीत टोमॅटोचं रोप आणि दुसरीत भेंडीचं बी. टोमॅटोचं चांगलं रोप मिळालंच नाही, तर हट्टाने त्याचं बी टाकू नका. त्या कुंडीत चवळी पेरा. टोमॅटोचं बी ऊन उतरायच्या सहा आठवडे आधी सावलीत, ट्रेमध्ये टाका.