घरात मांजर आणि हेपा एअर प्युरिफायर : दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

घरात मांजर आहे, घरातल्या कोणाला तिची ॲलर्जीही आहे आणि मांजर दुसऱ्या कोणाला देण्याचा विचार शक्य नाही, अशा घरात हेपा, म्हणजे हवेतले अतिशय बारीक कण अडवणारा फिल्टर असलेला, एअर प्युरिफायर घ्यावा का, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. माझे मत असे की, घ्यावा. पण झोपायच्या खोलीचे दार मांजरीसाठी बंद केल्यावर आणि डॉक्टरांनी दिलेले औषध नियमित सुरू झाल्यावरच.

सासूबाई साताऱ्याहून पुण्याला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत मनी आली. सासरे गेल्यानंतर त्यांना तिचीच सोबत होती, त्यामुळे मनी या घरात राहणार हे आम्ही गृहीत धरूनच पुढचा विचार केला. मला मात्र महिन्याभरात पहाटेच्या शिंका, चोंदलेले नाक आणि चुरचुरणारे डोळे सुरू झाले. त्वचेवर सुई टोचून करतात त्या चाचणीत मांजराची ॲलर्जी स्पष्ट दिसली आणि डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे रोज घ्यायला सांगितला.

त्रास मांजराच्या केसांमुळे होतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात दोष ‘फेल डी १’ नावाच्या प्रथिनाचा असतो. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तेलग्रंथींत तयार होते, मांजर स्वतःला चाटते तेव्हा अंगभर पसरते, आणि वाळल्यावर कोंड्याबरोबर इतक्या बारीक कणांच्या रूपाने हवेत जाते की त्यांतले काही कण तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणूनच मांजर खोलीत नसतानाही शिंका येतात. शिवाय हे प्रथिन चिवट असते. मांजर घरातून गेल्यावरही गाद्या आणि सोफ्यांमध्ये ते कित्येक महिने टिकते.

यंत्र निवडताना मी जाहिरातीतल्या चौरस फुटांकडे न पाहता सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते, तो आकडा पाहिला. आमची झोपायची खोली १० बाय १२ फुटांची आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर आहे. २५० सीएडीआरचे यंत्र पूर्ण वेगावर खोलीभर हवा तासाला जवळपास आठ वेळा गाळते. मात्र हा आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो. रात्रीच्या ‘स्लीप’ वेगावर हवा फारच कमी ओढली जाते, म्हणून मी झोपण्यापूर्वी तासभर ते पूर्ण वेगाने चालवते आणि रात्रभर मधल्या वेगावर ठेवते. त्याचा आवाज छताच्या पंख्याएवढा येतो आणि त्याची सवय होते. ओझोन सोडणारी यंत्रे मी विचारातच घेतली नाहीत, कारण ओझोनने श्वासनलिकेचा दाह वाढतो.

यंत्रावरच्या पीएम २.५ च्या, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या, आकड्यावर विसंबू नये, हे मला आवर्जून सांगायचे आहे. सकाळी रजई झटकली की आकडा एकदम चढतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली येतो. पण तो फक्त हवेतले कण मोजतो, ते कसले आहेत हे त्याला कळत नाही आणि कापडात काय मुरले आहे हे तर मुळीच कळत नाही. आकडा एकेरी असताना, दिवसभर दिवाणखान्यातल्या सोफ्यावर पडलेली ओढणी मी खांद्यावर घेतली की माझ्या शिंका थांबत नाहीत. त्यामुळे गादीला चेन असलेले घट्ट विणीचे आवरण, आठवड्याला गरम पाण्यात धुतलेले अभ्रे आणि केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसलेली फरशी, ही कामे यंत्र आल्यावरही चुकलेली नाहीत. सासूबाई मनीला रोज बाल्कनीत विंचरतात. आंघोळ घालणे मात्र आम्ही थांबवले, कारण त्याचा परिणाम काही दिवसांतच ओसरतो आणि मनीचे हाल होतात.

देखभालीचे म्हणाल, तर बाहेरची जाळी काढली की तिच्यावर मनीच्या केसांचा राखाडी थर नमद्यासारखा सलग सोलून निघतो. ती मी दर रविवारी साफ करते. आतला हेपा फिल्टर वर्षभर चालेल, असे विक्रेत्याने सांगितले होते, पण शेजारच्या बांधकामाच्या धुळीमुळे तो बराच आधी काळवंडला आणि बदली फिल्टर यायला वेळ लागला. त्या काळात स्प्रे चालू असूनही सकाळचे नाक पुन्हा चोंदू लागले, म्हणून यंत्राचा उपयोग आहे असे मी मानते.

तरीही माझ्या अनुभवावरून कोणी औषध सोडू नये. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, मांजरे असलेल्या घरांत हेपा यंत्राने हवेतले प्रथिन कमी झाले, परंतु रुग्णांच्या लक्षणांत ठोस फरक आढळला नाही. ज्यांना धाप लागते किंवा छातीत घरघर होते, त्यांनी यंत्राच्या दुकानाआधी छातीच्या डॉक्टरांकडे जावे. बाकीच्यांनी खरेदीपूर्वी बदली फिल्टरची किंमत आणि तो आपल्या शहरात मिळतो का, याची चौकशी करावी. आणि एकच यंत्र घेणे परवडत असेल, तर ते दिवाणखान्यात शोभेला न ठेवता पलंगाजवळ ठेवावे.